आल्मेदा कोण, आणि तो फोंड्यात काय करतो?

फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळाची एक जुनी शाळा आहे. मंडळ १९११ सालचं. शाळेचं नाव ए. जे. द आल्मेदा हायस्कूल. आता हे नाव जरा थांबून वाचा. फोंडा म्हणजे देवळांचा मुलूख. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा, नागेशी, एका दिवसात सगळी पायाखाली येतात. शाळा उभी करणाऱ्यांत दादा वैद्य होते, सीताराम केरकर होते. दादा वैद्य आयुर्वेदाचे जाणकार, इतिहासात रमणारे, मराठीत लिहिणारे. अशा माणसांनी काढलेल्या शाळेला सरस्वतीचं नाव नाही, कुठल्या देवस्थानाचं नाही, आणि हा आल्मेदा कुठून आला?

लहानपणी मला वाटायचं, असेल कुणी पाद्री. गोव्यात शाळा आणि पोर्तुगीज नाव एकत्र आलं की आपण पाद्रीच धरतो. हा आल्मेदा मात्र लिस्बनच्या राजकारणातला डॉक्टर होता आणि पाद्र्यांच्या सत्तेच्या विरोधातल्या गटातला होता. त्याच्याकडे येईनच. त्याआधी दुसरं एक कोडं पुढे ठेवतो, कारण दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं.

गोव्यात बरीच मुलं प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत गेली की एकदम इंग्रजीत पडतात. गणिताचा 'लसावि' एका सुट्टीत 'एलसीएम' होतो. दरवर्षी जूनमध्ये घराघरांत यावरून रडारड असते. आपण म्हणतो, इंग्रजांचा वारसा, दुसरं काय. पण इंग्रजांनी गोव्यावर राज्य केलं कधी? नेपोलियनच्या धामधुमीत त्यांची फौज इथे येऊन काही वर्षं तळ ठोकून होती, एवढंच. राज्य पोर्तुगिजांचं, १५१० पासून १९६१ पर्यंत. म्हणजे आमच्या हायस्कुलाची भाषा पोर्तुगीज असायला हवी होती. ती इंग्रजी कशी झाली?

थोडक्यात उत्तर असं, की गोव्यातली हायस्कुलं बहुतेक करून सरकारने काढलीच नाहीत. ती लोकांनी काढली, आणि लोकांचं तोंड लिस्बनकडे नव्हतं, मुंबईकडे होतं.

सरकारची शाळा

पोर्तुगीज सरकारला भाषेची घाई फार. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. तीन वर्षं गेली, तीनशे गेली, आपण अजून कोकणीतच भांडतो. ते असो. शिक्षण बराच काळ चर्च आणि धार्मिक संघांच्या हातात होतं. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं, १८३५ मध्ये बाकीचे संघही मोडीत निघाले, आणि शिकवणारे हातच कमी झाले.

मग १८५४ मध्ये पणजीत लिसेव सुरू झालं. लिसेव म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालय. ते पुढे पणजीच्या आल्तिनो टेकडीवर ज्या इमारतीत होतं, तिथे नंतर अनेक वर्षं उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसायचं. त्यामुळे आजच्या पिढीला ती इमारत कोर्ट म्हणूनच माहीत.

जुन्या माणसांच्या बोलण्यात 'प्रिमैर ग्राव', 'सेगुंद ग्राव', 'लिसेव' असे शब्द येतात आणि नातवंडं मान डोलावून पुढे जातात, म्हणून ही शिडी एकदा नीट बघून घेऊ. गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेला लोक 'इश्कोल' म्हणत. तिथे तिसरीच्या शेवटी पहिली परीक्षा, तो प्रिमैर ग्राव. चौथीच्या शेवटी दुसरी, तो सेगुंद ग्राव. ती पार केल्यावर लिसेवचा दरवाजा, आणि आत सात वर्षं. पाच वर्षं काढली तर कचेरीतल्या नोकरीची आशा. सात पुरी केली तर पणजीच्या वैद्यकीय शाळेत किंवा पैसा असेल तर थेट पोर्तुगालमधल्या विद्यापीठात.

पुस्तकं तिकडची. पोरांना तेजो आणि दोरो या नद्या उगमापासून मुखापर्यंत पाठ, आणि घरामागून वाहणारी मांडवी पुस्तकात नाही. वर गंमत अशी, की पोर्तुगिजीत कुठल्याही शिक्षकाला 'प्रोफेसोर' म्हणतात. त्यामुळे गोव्यात त्या काळी बिगारी यत्तेला मुळाक्षरं शिकवणारेही प्रोफेसर होते.

आता पेडण्याच्या किंवा काणकोणच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवा. शाळेची पायरी चढायची तर आधी घरात कुणी बोलत नाही ती भाषा शिका. मग पणजीत राहायची सोय करा. सात वर्षं खर्च करा. आणि एवढं करून हातात येतो तो कागद, जो गोव्याच्या सीमेपलीकडे सावंतवाडीतही फारसा चालत नाही.

घरची शाळा

याचा अर्थ हिंदू घरांत शिक्षण नव्हतं असा नाही. नव्या काबिजादीत, म्हणजे फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत पोर्तुगीज आले तेच मुळी उशिरा, १७६३ ते १७८८ या काळात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. इथे मराठी पोथीत होती, कीर्तनात होती, देवळाच्या जमाखर्चात होती. मुलांना शिकवायला शेणैमाम, म्हणजे गावचे पंतोजी, असत. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची, पाढे आणि पावकी-निमकी घोकायची, मग मोडीतला जमाखर्च. कुणाच्या सोप्यावर, कुठे देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, वर्ग भरायचा. शेणैमामांचा पगार म्हणजे तांदूळ, नारळ आणि सणावाराची दक्षिणा.

पुढे याच धाग्यातून मराठी शाळा निघाल्या. मास्तर बरेचदा सावंतवाडी-मालवणकडून यायचे, पुस्तकं मुंबई-पुण्याकडची. पण या शाळा प्राथमिकच्या वर जात नसत. मराठी चौथी झाली, हिशेब आला, पत्र लिहिता आलं, पुढे काय? पुढे बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई. ज्याचा मामा तिकडे नोकरीला, तो शिकला. ज्याचा मामा भाटातच, म्हणजे माडांच्या बागायतीतच होता, तो भाटात गेला. हा गोव्यातला खरा शैक्षणिक नियम होता, कुठल्याही कायद्यात न लिहिलेला.

मुंबईचा दरवाजा

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची मॅट्रिक म्हणजे त्या काळची सगळ्यात मोठी किल्ली. रेल्वे, पोस्ट, पेढ्या, गोदी, कचेऱ्या, सगळीकडे विचारायचे, "मॅट्रिक आहेस का?"

गोव्याला ही किल्ली हवीशी वाटण्यामागे एक आर्थिक कारणही आहे आणि ते शाळांच्या गोष्टीत सहसा कुणी सांगत नाही. १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात एक करार झाला. त्यात गोव्याचं मीठ आणि जकात यांचा कारभार बऱ्याच अंशी ब्रिटिशांच्या हातात गेला. मिठागरं हा इथला जुना धंदा, त्याला मोठा फटका बसला. त्याच करारातून मुरगाव बंदर आणि कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वे आली, जी १८८८ पर्यंत पुरी झाली. म्हणजे एका हाताने पोट मारलं आणि दुसऱ्या हाताने बाहेर जायला गाडी दिली. लोक गेले. बार्देश-साष्टीचे ख्रिस्ती बांधव मुंबईत आपापल्या गावच्या 'कुडां'त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहून बोटीवर, हॉटेलात, बँडात लागले. हिंदू पेढ्यांवर आणि कचेऱ्यांत.

परक्या गावी पोर्तुगीज कुणाला हवी होती? हवी होती इंग्रजी. १८८७ मध्ये हडफडे इथे विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी सेंट जोसेफ हायस्कूल काढलं, गोव्यातली पहिली इंग्रजी शाळा म्हणून ती ओळखली जाते. साल बघा, करार १८७८, शाळा १८८७, रेल्वे १८८८. शाळा कुणाच्या स्वप्नातून निघाल्या असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यामागे आधी दिसतं ते स्थलांतर.

ख्रिस्ती समाजाकडे चर्च होतं, शिकलेले पाद्री होते, म्हणून त्यांची इंग्रजी शाळा आधी उभी राहिली. हिंदूंकडे इच्छा होती, मुंबईत शिकलेली चार माणसंही होती. नव्हती ती सरकारदरबारची जागा. राजेशाहीत राज्याचा धर्म कॅथलिक. हिंदूंना नोकऱ्या आणि मान मिळे तो मोजूनमापून.

१९१०: आणि आता आल्मेदा

५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. पुढच्या एप्रिलमध्ये चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा झाला. हिंदू आणि ख्रिस्ती कागदावर तरी सारखे नागरिक झाले. गोव्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्या हंगामी सरकारात गृहमंत्री होता अंतोनियो जोझे द आल्मेदा. शिक्षण तेव्हा गृहखात्याकडेच असे. त्याच्याच कारकिर्दीत १९११ मध्ये लिस्बन आणि पोर्तो इथे विद्यापीठं निघाली, प्राथमिक शिक्षणाची नवी मांडणी झाली. पुढे १९१९ ते १९२३ तो पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्षही झाला.

फोंड्यातल्या मंडळींनी त्याच १९११ मध्ये संस्था काढली आणि शाळेला या मंत्र्याचं नाव दिलं. कृतज्ञता होती, यात शंका नाही. पण मला यात थोडा व्यवहारही दिसतो. नवं सरकार, नवा कायदा, वरती कोण किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. अशा वेळी शाळेच्या दारावर खुद्द शिक्षण सांभाळणाऱ्या मंत्र्याचं नाव असलं, तर कुठला कारकून परवाना अडवायला धजेल? आमची माणसं साधी होती, भोळी नव्हती.

फोंड्यात म्हातारी माणसं या शाळेला 'आल्मेदा कॉलेज' म्हणायची. त्यावर कुणीतरी हसतंच, हायस्कूलला म्हणे कॉलेज! पण पोर्तुगिजीत खासगी माध्यमिक शाळेला 'कोलेजियु'च म्हणतात. सरकारी ते लिसेव, खासगी ते कोलेजियु. म्हातारी माणसं बरोबर बोलत होती, आपणच मुंबईच्या चष्म्यातून ऐकत होतो.

शाळा उभी राहते म्हणजे काय होतं

लोकांनी शाळा काढली, हे वाक्य लिहायला सोपं. प्रत्यक्षात परवाना, जागा, मास्तर, पैसा आणि मुंबईची मान्यता, एवढं सगळं जमवावं लागे. आणि यातलं एक जरी अडलं तरी बाकीच्यांना गंज चढायचा.

जागा त्यातल्या त्यात सोपी. अग्रशाळा होत्या, भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, मोठी घरं होती. मास्तर कठीण. इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकवू शकणारा पदवीधर गोव्यात दुर्मीळ, म्हणून तो बाहेरून आणायचा, आणि गावात दोन पावसाळे काढून तो परत जाणार नाही अशी आशा धरायची.

पैशाची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. पणजीची मुष्टिफंड संस्था तुम्हाला माहीत असेल. त्या नावाचा अर्थ मूठ. रांधायला तांदूळ काढताना घरातल्या बाईने एक मूठ बाजूला ठेवायची, ती शाळेची. मूठ-मूठ जमून जे होईल ते विकून शाळेचा खर्च. आता हा हिशेब करून बघा, आकडे माझे, नुसते समजण्यापुरते. मूठ पन्नास ग्रॅमची धरली आणि घरं शंभर, तर दिवसाला पाच किलो, महिन्याला दीड क्विंटल तांदूळ. त्यावर एखाद्या मास्तराचं पोट चालायला हरकत नाही.

आणि तांदूळच का? कारण रोकड पुरुषांच्या हातात, आणि तीही थोडी. तांदळाचं मडकं बायकांच्या हातात आणि रोज उघडणारं. वर्गणीच्या यादीत पुरुषांची नावं लागतात, मुठीची नोंद कुठे लागत नाही. ज्या बायकांनी या मुठी टाकल्या त्यांतल्या बहुतेकींना वर्गाची पायरी चढायला मिळाली नव्हती. शाळांच्या स्मरणिकांत संस्थापकांचे फोटो असतात, तिथे एक मडकंही छापायला हवं असं मला नेहमी वाटतं.

राहिली मान्यता. मॅट्रिकला मुलं बसवायची तर मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम, त्यांचीच पुस्तकं, त्यांचेच नियम. शिकवण्याची भाषा इंग्रजी, दुसरी भाषा मराठी. इथे कोड्याचं दुसरं उत्तर मिळतं. एका परक्या सत्तेखाली राहून दुसऱ्या परक्या सत्तेच्या परीक्षेला बसणाऱ्या या शाळा होत्या. पोर्तुगीज सरकारला त्या फार आवडत होत्या अशातला भाग नाही, पण आपल्या खिशातून तेवढ्या शाळा काढायची त्याचीही तयारी नव्हती.

यात पिचायचं ते पोर. सकाळी इश्कोलात पोर्तुगीज, दुपारी मराठी शाळा, मोठं झालं की हायस्कुलात इंग्रजी, घरी कोकणी. चार भाषा, आणि रोमी, बाळबोध, काही घरांत मोडी अशा तीन लिप्या. आज तीन भाषांच्या सूत्रावरून आपण केवढे वाद घालतो!

कोण आत, कोण बाहेर

एक गोष्ट गुळमुळीत सोडायची नाही. लोकांच्या शाळा म्हणताना लोक म्हणजे कोण? सुरुवातीची बाकं भरली ती बरीचशी सारस्वत, ब्राह्मण आणि व्यापारी घरांतल्या मुलग्यांनी. भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराच्या, कुळाच्या, गावडा जमातीतल्या पोराला सकाळी गुरं होती. देवळांच्या सेवेत अडकवल्या गेलेल्या कलावंत घराण्यांना तर शिक्षणासाठी आधी माणूस म्हणून उभं राहण्याचा लढा द्यावा लागला. राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी तो गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीतून दिला. मुलींची संख्या वाढली, पण फार सावकाश.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत दोर पुन्हा आवळले. १९३० च्या वसाहत कायद्याने प्रजासत्ताकाने दिलेलं बरंच काढून घेतलं. छापील अक्षरावर सेन्सॉर, लग्नपत्रिकासुद्धा दाखवून छापायच्या. मराठी शाळेत गणेशोत्सवाचं नाटक बसवायचं तरी जपून. १९५५ मध्ये सीमा बंद झाली, कॅसलरॉकची गाडी थांबली, आणि ज्या दरवाजावर या शाळांचा सारा भरवसा होता तोच अडसर लावून बसला. तरी शाळा चालू राहिल्या.

१९६१ नंतर

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा साक्षरता तीस-एकतीस टक्क्यांच्या घरात होती. साडेचारशे वर्षांची कमाई एवढी. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. भाऊ स्वतः गोमंतक मराठा समाजातले. दरवाजाबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना फायलीतून कळलेलं नव्हतं.

जुन्या लोकशाळांना अनुदान मिळू लागलं, मुठीची गरज संपली. सरकारी हायस्कुलंही निघाली. १९६२ मध्ये पणजीत आणि मडगावात खरीखुरी महाविद्यालयं आली, आणि 'कॉलेज' हा शब्द हायस्कुलांच्या हातून गेला तो कायमचा. एसएससीची परीक्षा पुणे बोर्डाची होती. २७ मे १९७५ रोजी गोव्याचं स्वतःचं बोर्ड झालं.

बोर्ड बदललं, राज्य बदललं, हायस्कुलाची भाषा तीच राहिली. खाली बांदोडकरांची मराठी प्राथमिक, वर लायन्स आणि फोंडेकरांच्या काळातली इंग्रजी माध्यमिक. दोन वेगवेगळ्या काळांत, दोन वेगवेगळ्या गरजांपोटी बांधलेले दोन मजले. जिना बांधायचा राहून गेला. पाचवीतलं पोर पडतं ते तिथे.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजोबांचा सेगुंद ग्रावचा दाखला आहे, शिक्क्यासकट, आणि मुंबईच्या मॅट्रिकचाही. मॅट्रिकचा दाखला कापडाला चिकटवून, घडी न घालता जपलेला. त्याच्यावर त्यांना मुंबईच्या गोदीत हिशेबनिसाची जागा मिळाली. सेगुंद ग्रावच्या कागदाची मागची कोरी बाजू मात्र आजीने वापरून टाकली आहे. तिच्यावर वाण्याचा हिशेब आहे, साखर दोन शेर, गूळ, रॉकेल. आजी कधी शाळेत गेली नव्हती, भावाच्या पाटीवर बघून शिकली होती. अक्षर बाळबोध, जरा डावीकडे कललेलं, आणि बेरीज बरोबर आहे.